बाहेरचा माल, बाहेरचा माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेचा व्हिसा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. प्रत्येक सोसायटीत एक तरी घर असतं, जिथे आई-बाबा व्हिडिओ कॉलसाठी रात्री जागे असतात. तेव्हा व्याख्या सोडून देऊ आणि थेट १९८५ सालच्या कॅलिफोर्नियात जाऊ, सांता क्लारा गावात.

इंटेल कंपनी मेमरी चिपवर, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती साठवणाऱ्या चिपवर मोठी झालेली. त्याच चिप जपानी कंपन्या जास्त चांगल्या आणि जास्त स्वस्त बनवायला लागल्या. इंटेलचा धंदा बसत चालला. काय करायचं यावर महिनोन्‌महिने नुसत्या चर्चा. मीटिंग या प्रकाराबद्दल माझं मत फार वाईट आहे. चहा-बिस्किटं येतात, निर्णय तेवढा येत नाही. अमेरिकेतही तेच चालतं हे वाचून मला बरं वाटलं होतं.

तर एक दिवस अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर, कंपनीचे दोन कर्तेधर्ते, ग्रोव्ह यांच्या खोलीत तोंड पाडून बसले होते. खिडकीतून लांब करमणूक पार्कातला आकाशपाळणा फिरताना दिसत होता. त्याच्याकडे बघत ग्रोव्ह यांनी विचारलं, ‘उद्या आपल्याला घरी पाठवून नवा माणूस आणला, तर तो काय करेल?’ मूर लगेच म्हणाले, ‘मेमरीतून बाहेर पडेल.’ ग्रोव्ह सुन्न. मग म्हणाले, ‘मग आपणच या दारातून बाहेर जाऊ, परत आत येऊ आणि तेच करू की!’

आणि केलं. सोपं नव्हतं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, १९८६ साली कंपनी तोट्यात गेली. पण सगळा जोर मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर लावला आणि १९९२ साली इंटेल चिपच्या विक्रीत जगात पहिली झाली.

हे ग्रोव्ह मूळचे कुठले? बुडापेस्टचे. आंद्राश ग्रोफ. १९५६ साली सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हा हा वीस वर्षांचा मुलगा सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात पळाला आणि पुढे न्यूयॉर्कला पोचला. तिथल्या सिटी कॉलेजात तेव्हा फी नव्हती. इंजिनिअर झाला, मग बर्कलीला डॉक्टरेट.

म्हणजे बघा, धंदा बसवणारा माल बाहेरून आला आणि नवा धंदा उभा करणारा माणूसही बाहेरूनच आला. पुन्हा सांगतो, मालही बाहेरचा, माणूसही बाहेरचा.

अमेरिकेच्या सरकारनेही हातपाय हलवले. १९८६ साली जपानशी चिपचा करार केला, १९८७ साली काही जपानी वस्तूंवर शंभर टक्के जकात बसवली. तेवढ्याने इंटेल काही मेमरीच्या त्या धंद्यात परतली नाही. मेमरी महागली ती अमेरिकेतल्याच कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना. अर्थात, ज्याची नोकरी गेली त्याला ‘एकूण देशाचा फायदा झाला’ हे ऐकवू नये. अर्थतज्ज्ञांना ही सवय आहे, आणि मला ती आवडत नाही.

इंटेलच्या पेन्टियम चिपचं काम ज्यांच्या हाताखाली झालं ते विनोद धाम. जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीत. १९७५ साली खिशात आठ डॉलर घेऊन ते अमेरिकेला शिकायला गेले. पेन्टियम आला १९९३ साली. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे दिवस होते! एसी कॉम्प्युटरला, पंखा माणसांना. असो.

आजचा हिशेब असा. एच-वन-बी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा व्हिसा, वर्षाला ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं गेलं. धाम विद्यार्थी म्हणून गेले होते, त्यामुळे तुलना सरळ नाही. तरी आठ डॉलर आणि एक लाख डॉलर हे आकडे मी शेजारी शेजारी लिहून ठेवलेत.

पुढच्या भागात सोयाबीन. २०१८ साली चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर जकात लावली, तेव्हा तिथल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांवर काय वेळ आली ते ऐकू. नमस्कार.