अंड्यावर पाऊल

नमस्कार श्रोतेहो. आज आफ्रिकेत शांततेचा अभ्यास कसा चालतो, त्याबद्दल बोलूया.

एक अंगण डोळ्यांसमोर आणा. युगांडाच्या उत्तरेकडचं, अचोली लोकांच्या घराचं. वाटेत जमिनीवर एक कच्चं अंडं ठेवलंय. त्याच्याजवळ ओपोबो नावाच्या झाडाची डहाळी आणि कणगीचं झाकण उचलून धरायची काठी. त्या काठीला लायिबी म्हणतात. बऱ्याच वर्षांनी परतलेला मुलगा अंड्यावर पाय देऊन ते फोडतो आणि मगच घरात येतो. अंडं म्हणजे निरागसपण. ओपोबोची साल साबणासारखी बुळबुळीत, ती अंगाला लागलेलं सगळं धुऊन काढते म्हणे. आणि काठी? ज्या कणगीतलं तू खात होतास ती अजून इथंच आहे, असं ती सांगते.

हा मुलगा हौसेनं परगावी गेलेला नव्हता. त्याला पळवून नेलं होतं. जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर टोळीनं या भागातली हजारो मुलं उचलली आणि त्यांच्या हातात बंदुका दिल्या. २००२ साली गुलू शहरात विद्यापीठ सुरू झालं तेव्हा या बंडखोरांची सरकारशी लढाई ऐन भरात होती. संध्याकाळ झाली की आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं घोळक्यानं शहराकडं चालत यायची. दुकानांच्या ओट्यांवर, बसस्टँडवर, दवाखान्याच्या आवारात झोपायची आणि उजाडलं की परत घरी.

अशा गावात, याच विद्यापीठात, शांततेच्या अभ्यासाची संस्था निघाली. अचोली प्रदेशातली बहुतेक वस्ती तेव्हा विस्थापितांच्या छावण्यांत राहत होती. तेव्हा इथल्या वर्गात युद्ध समजावून सांगायला नकाशाची गरज पडत नसणार.

तिथला मोठा वादाचा विषय म्हणजे ‘मातो ओपुत’. मातो म्हणजे पिणं आणि ओपुत हे एका झाडाचं नाव. एका कुळातल्या माणसानं दुसऱ्या कुळातल्याचा जीव घेतला, तर आधी वडीलधारे मध्ये पडतात. महिनोन् महिने बोलणी चालतात. गुन्हा कबूल करावा लागतो, भरपाई ठरते. शेवटी ओपुतचं कडू मूळ कुटून गावठी बिअरमध्ये कालवतात, आणि दोन्हीकडची माणसं गुडघे टेकून, हात पाठीशी बांधून, एकाच भोपळ्याच्या वाडग्याला एकदम तोंड लावतात. कडवटपणा दोघांनी मिळून गिळायचा.

ऐकायला फार छान वाटतं. बाहेरून येणाऱ्यांना तर फारच. पण खरी अडचण इथूनच सुरू होते. हा विधी मारणारा कोण आणि मेलेला कोण हे ठाऊक असलेल्या खुनासाठी आहे. इथं तर रात्री गाव पेटवणाऱ्या टोळीत कोण होतं, हेच कळलेलं नाही. मग वाडग्याला तोंड कुणी लावायचं? शिवाय कोनीची झळ फक्त अचोलींना लागली नव्हती. लांगो, तेसो हे शेजारीही होरपळले. त्यांनी अचोलींचा विधी का मानावा? २००७ साली सरकार आणि कोनीची माणसं यांच्यात दक्षिण सुदानातल्या जुबा इथल्या वाटाघाटींत झालेल्या करारात मातो ओपुतचं नाव घातलं गेलं, आणि त्याआधीच, २००५ मध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं कोनीसह पाच जणांवर वॉरंट काढलं होतं. त्यातला डॉमिनिक ओंगवेन शाळेच्या वाटेवरून पळवला गेलेला मुलगा. तोच वाढत वाढत कमांडर झाला. २०२१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यासाठी अंडं ठेवायचं की बेड्या? लंडनमध्ये बसून यावर प्रबंध लिहिता येतो. गुलूत हाच प्रश्न शेजारच्या घरात राहायला आलेला असतो.

शांततेचा अभ्यास चालतो अशी ठिकाणं आफ्रिकेत बरीच आहेत. नायजेरियात इबादान विद्यापीठ, घानात कोफी अन्नान यांच्या नावाचं शांतिसैनिकांचं प्रशिक्षण केंद्र, इथिओपियात अदिस अबाबा विद्यापीठाची २००७ साली निघालेली संस्था. रवांडात तर वंशसंहारानंतर पाच वर्षांत, बुतारेच्या विद्यापीठात संघर्षाच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. यातल्या बऱ्याच संशोधनाला पैसा बाहेरचा लागतो, आणि पैसा देणाऱ्याच्या आवडीप्रमाणं विषय वळतात, हे मला खटकतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं मात्र थोडं सांगायलाच हवं. तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात अहिंसेचं केंद्र आहे, आणि गांधीजींची नात एला गांधी या विद्यापीठाच्या कुलपती होत्या. शहराबाहेर इनांडात गांधीजींनी १९०४ साली फिनिक्स आश्रम वसवला. १९८५च्या दंगलीत तो जळाला. म्हणजे आज जिथं अहिंसेचा अभ्यास चालतो, त्याच शहराबाहेर अहिंसेचं घर जळालं होतं! २००० साली ते पुन्हा उभं राहिलं. जाता जाता एक गंमत. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा कोकणी मुसलमानांच्या सभेत गांधीजींनी त्यांना मराठीत बोलायला लावलं आणि स्वतः हिंदुस्तानीत अनुवाद केला. स्वतःला मराठीचा एक शब्दही बोलता येत नसताना! गोखल्यांनी आधी थट्टा केली, पण पुढं झांझिबारपर्यंत अशा सभांत हाच जोड चालला.

आपण रेडिओवर बोलतोय म्हणून शेवटी गुलूचंच एक सांगतो. तिथल्या मेगा एफएमवर ‘द्वोग चेन पाचो’ नावाचा कार्यक्रम लागायचा. अर्थ, घरी परत ये. जंगलातून सुटून आलेली मुलं माइकसमोर बसायची आणि मागं राहिलेल्या सोबत्यांशी बोलायची. मला मारलं नाही, मी घरी आहे, तूही ये. ते ऐकून परतल्याचं पुढं अनेकांनी सांगितलं. अशा परतणाऱ्यांसाठी अंगणात अंडं ठेवलेलं असायचं.

नमस्कार.