डावा हात वर

(पहाट. भवानी पेठ. शटर वर जातं.)

लाकडाच्या वखारी अजून बंद आहेत. टिंबर मार्केटमागच्या या गल्लीत साडेपाचला एकच शटर उघडतं. आत पत्र्याचं छप्पर, टांगलेल्या चार बॅगा, दोर सैल पडलेली एक रिंग. समोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली सहा नावं: जॅक जॉन्सन, जो लुईस, रॉकी मार्सियानो, मोहम्मद अली, लॅरी होम्स, माईक टायसन.

सगळ्यांत मोठा हेवीवेट चॅम्पियन कोण? इथे येणाऱ्यानं आपल्या माणसापुढे एक काडी मारायची. एकदाच. अलीच्या काड्या मावेनात म्हणून खालच्या ओळीत उतरल्यात. टायसनच्या त्याखालोखाल. जो लुईसपुढे दोन.

त्या दोन काड्यांपाशी आपण जरा थांबणार आहोत.

(हातांचा क्लोजअप.)

पण आधी हात बांधायचे. साडेचार मीटरची कापडी पट्टी. इथे सगळे तिला बँडेजच म्हणतात. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, पंजाला तीन, मग एकेका बोटाच्या फटीतून पट्टी काढून परत मनगटाकडे. मूठ वळली की पट्टी ताठ व्हायला हवी, उघडली की सैल. जास्त आवळली तर बोटं सुन्न पडतात, ढिली राहिली तर ठोसा बसताना मनगट मुडपतं. हाताची हाडं बारीक. ठोसा समोरच्याला जेवढा लागतो, तेवढाच तो आपल्या मुठीलाही लागतो. बारा-तेरा वर्षांची ही मुलगी दोन्ही हातांना मिळून दहा मिनिटं घेते. सर तिला घाई करत नाहीत.

सर फौजेतून निवृत्त झालेले. पुण्यात बॉक्सिंग शिकवणारा माणूस फौजी निघाला तर कुणाला नवल वाटत नाही. २००१ पासून मुंढव्याच्या बाजूला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, खडकीत लष्कराचे सॅपर्स, म्हणजे अभियंते, आहेत. पुण्यातच राहणारे मुरलीकांत पेटकर आधी फौजेतले बॉक्सर. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून ते पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांची गोष्ट एका वेगळ्या फिल्मची.

(अमृततुल्य. पितळी पातेलं, वाफ.)

सात वाजता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा. तोंडं इथे सुटतात.

रिक्षावाले काका अलीचे. त्यांचं म्हणणं सोपं आहे: माणूस कुणाला हरवून मोठा झाला ते बघा. अलीनं लिस्टनला हरवलं, फ्रेझरला हरवलं, फोरमनला हरवलं. १९७४ला किन्शासात फोरमन रिंगमध्ये उतरला तेव्हा तो एकदाही हरलेला नव्हता. त्याच फोरमननं आदल्या वर्षी फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली बसवलं होतं. अली बत्तीस वर्षांचा. आठव्या राउंडला फोरमन आडवा. शिवाय व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून पंचविशी ते अठ्ठाविशीतली ऐन उमेदीची साडेतीन वर्षं अलीला रिंगबाहेर काढावी लागली. ती वर्षं कुठल्या खात्यात धरायची, असं काका विचारतात. टेबलावर कुणाकडे उत्तर नाही.

काकांकडे अजून एक पत्ता आहे. २७ जानेवारी १९८०. दिल्ली. आपल्या फौजेतला कौरसिंग अलीबरोबर चार राउंड प्रदर्शनीय लढत खेळला, आणि दोन वर्षांनी दिल्लीच्याच एशियाडमध्ये त्यानं हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. "म्हणजे अली आपल्या घरी जेवून गेलाय, पोरांनो," काका म्हणतात.

कॉलेजची पोरं टायसनची. तो चॅम्पियन झाला तेव्हा वीस वर्षं चार महिन्यांचा होता. त्याच्याहून लहान हेवीवेट चॅम्पियन आजवर झालेला नाही. त्यांच्या मोबाईलमध्ये टायसनचे नॉकआउट भरलेले असतात. मग कुणीतरी टोकियो म्हणतं, १९९०, टायसनला हरवणारा बस्टर डग्लस, आणि मोबाईल खिशात जातो.

खारी बुडवणारे हे आजोबा मार्सियानोवाले. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास जिंकल्या, त्यातल्या त्रेचाळीस नॉकआउट. "हार किती? भोपळा." एवढं बोलून ते पुन्हा बशीकडे वळतात.

हा वाद यंत्रापुढेही ठेवून झालाय. १९६९ला अलीवर बंदी होती, मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. दोघांना कॅमेऱ्यापुढे एक-एक मिनिटाचे सत्तरेक राउंड खेळायला लावले, शेवट वेगवेगळे चित्रित केले आणि निकाल कॉम्प्युटरला विचारला. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. जानेवारी १९७०मध्ये चित्रपटगृहांत निकाल दिसला: तेराव्या राउंडला मार्सियानो. तो पाहायला मार्सियानो मात्र नव्हता. ऑगस्टमध्येच विमान अपघातात तो गेला होता.

(वजनकाटा. एकेक जण चढतो, उतरतो.)

दाराशी हा काटा आहे. व्यावसायिक हेवीवेट आज २०० पौंडांच्या वर, म्हणजे साधारण पावणेएक्याण्णव किलोंच्या पुढे सुरू होतं. जो लुईस १९३८ला रिंगमध्ये उतरला तो २०० पौंडांच्या आतच. मार्सियानो चॅम्पियन झाला तो त्याहून हलका. पोरं म्हणतात, अलीकडचा चॅम्पियन टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच आहे, जुन्यांचा त्याच्यापुढे काय निभाव लागणार? सर एवढंच विचारतात, २०२४ला फ्युरीला हरवणारा उसिक केवढा आहे? सहा फूट तीन.

काटा इथेच सोडू. सरांच्या हातांतल्या, ठोसे झेलायच्या पॅडकडे चला.

(सर आणि मुलगी. पॅडचा आवाज.)

जॅब. डावा हात सरळ जातो, आणि ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं हनुवटीपाशी परत यायला हवा. नीट बघा. तिचा हात परत येताना चार बोटं खाली उतरतो. ती दमलीय म्हणून नाही, पहिल्या मिनिटालाही तो असाच उतरत होता. त्या क्षणी सरांचा उजवा पॅड वरून येतो आणि तिच्या डाव्या गालाला हलकेच टेकतो. "कुठे गेला हात?" पुन्हा जॅब. पुन्हा गालावर पॅड. एका सकाळी असं किती वेळा झालं ते आम्ही मोजलं नाही. सर वैतागले नाहीत आणि ती थांबली नाही.

हीच खोड जो लुईसला होती.

१९३६. न्यूयॉर्क, यांकी स्टेडियम. लुईस बावीस वर्षांचा, व्यावसायिक रिंगमध्ये अजून न हरलेला. समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, माजी चॅम्पियन. श्मेलिंगनं त्याचा खेळ आधी नीट पाहून ठेवला होता: जॅबनंतर याचा डावा हात खाली येतो. तो उजवा हात राखून थांबला. चौथ्या राउंडला लुईस पहिल्यांदा पडला, बाराव्याला उठलाच नाही.

मग पुन्हा जिम. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न. जॅब, आणि हात परत. तुम्ही आत्ता पाहिलंत तेच.

पुढच्याच वर्षी, २२ जून १९३७ला, शिकागोत जिम ब्रॅडॉकला आठव्या राउंडला पाडून लुईस चॅम्पियन झाला. भिंतीवरचं पहिलं नाव आठवा, जॅक जॉन्सन. तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन. १९१५ला त्याचा किताब गेला आणि त्यानंतर बावीस वर्षं त्याच्या वर्णाचा दुसरा चॅम्पियन झाला नाही. ती बावीस वर्षं लुईसनं संपवली.

(बाकावर टेकवलेला मोबाईल. भोवती डोकी.)

आणि हे १९३८. तारीख तीच, २२ जून. स्टेडियम तेच. समोर पुन्हा श्मेलिंग. हिटलरची जर्मनी त्याला आपला मोहरा म्हणून मिरवत होती. तो स्वतः नाझी पक्षात नव्हता, हेही इथे सांगायला हवं.

घंटा झाली. लुईस नाचत नाही. पाय जमिनीलगत सरकतात, अर्ध्या-अर्ध्या पावलानं. ठोसे आखूड, हातभराचेही नाहीत. जॅब, आणि डावा हात बघा, जागेवर परत. श्मेलिंगचा उजवा हात या वेळी शोधतोय, पण त्याला वाट मिळत नाही. दोरांपाशी तो अंग वळवतो आणि बरगड्यांमागे ठोसा बसतो. एकदा खाली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

एकशे चोवीस सेकंद. मागे दोरीवरच्या उड्या मारणारा मुलगा दिसतोय ना? तो अजून दमलेलाही नाही.

(रिंग. सर एकटे दोर ताणतायत.)

कुस्ती पाहणाऱ्या माणसाला लुईस पटकन समजतो. निकाली कुस्ती कशी आणि गुणांवरची कशी, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. लुईसनं किताब घेतला आणि आखाड्यात शड्डू ठोकून जो उभा राहिला तो अकरा वर्षं आठ महिने. पंचवीस वेळा किताब पणाला लावला, पंचवीसही वेळा राखला. हेवीवेटमध्ये तो आकडा आजही कुणी गाठलेला नाही. डिसेंबर १९४० ते जून १९४१, सात महिन्यांत सात लढती. आजचे चॅम्पियन वर्षाला दोन खेळले तरी पुष्कळ.

समोरचे हलके होते, असं म्हणतात. त्या सातातलाच एक बिली कॉन, चपळ, गुणांवर पुढे गेलेला. तेराव्या राउंडची घंटा व्हायला दोन सेकंद उरली होती तेव्हा लुईसनं त्याला पाडलं. १९४७ला जर्सी जो वॉल्कॉटनं मात्र त्याला दोनदा खाली बसवलं, आणि पंचांचा कौल लुईसकडे गेला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी परत खेळून लुईसनं त्याला अकराव्या राउंडला नॉकआउट केलं. श्मेलिंग, कॉन, वॉल्कॉट. ज्यानं अडवलं त्याला त्यानं पुन्हा बोलावलं.

१९४२ला त्यानं दोन लढतींची कमाई नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली, आणि स्वतः साधा शिपाई म्हणून भरती झाला. हे सांगताना सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही.

पुढे कराच्या थकबाकीपायी त्याला निवृत्तीतून परत यावं लागलं, १९५१ला मार्सियानोनं आठव्या राउंडला त्याला दोरांतून बाहेर पाडलं. अखेरची वर्षं आजारपणात गेली. अलीचीही तशीच, पार्किन्सन्समध्ये.

(हॉल. ऊन पत्र्याच्या भोकांतून जमिनीवर.)

साडेआठ. पोरं कॉलेजला निघाली, काका रिक्षाला. जाताना कुणीतरी भिंतीपाशी थांबून खडू उचलतो, खाली ठेवतो. एकदाच मारायची काडी.

मुलीचा शेवटचा राउंड बाकी आहे.

जॅब.

जॅब.

सरांचा पॅड वरून येतो, आणि या वेळी तिच्या मुठीवर आपटतो.

"हां. परत."