गावाचा तिसरा हिस्सा

(दृश्य: बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय. लोखंडी मांडण्या, त्यांच्यामधली काचेची जमीन.)

1906. बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलं शाळेत आली, अक्षरं शिकली आणि पुन्हा शेतावर गेली. घरात ना पुस्तक, ना वर्तमानपत्र. काही वर्षांत शिकलेलं पुसलं जायचं, आणि शाळेवरचा खर्च वाया.

कवळाण्यासारख्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांना हे लख्ख दिसत होतं. अमेरिकेत पाहिलेली ग्रंथालयं त्यांच्या मनात होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. ग्रंथालय नसलेल्या गावांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली.

खरी कल्पकता मात्र पैशांच्या व्यवस्थेत होती. गावच्या वाचनालयाच्या खर्चाचे तीन हिस्से. एक गावानं वर्गणीतून उभारायचा, एक प्रांत म्हणजे जिल्हा पंचायतीनं द्यायचा, एक सरकारनं. गावानं खिशात हात घातला, म्हणून वाचनालय गावाचं झालं.

आता, वाचनालयांमुळे बडोद्याची भरभराट झाली, असं सरळ म्हणता येत नाही. त्याच काळात तिथे रेल्वे वाढत होती, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली होती. कशाचं श्रेय किती, हे वेगळं कसं काढणार?

अमेरिकेत ते काही प्रमाणात काढता आलं. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयाची इमारत बांधून द्यायचे. अट अशी, की देणगीच्या दहा टक्के रक्कम गावानं दरवर्षी चालवण्यासाठी खर्चायची. काही गावांनी ग्रंथालयं बांधली. काहींना देणगी मंजूर होऊनही ती उभी राहिली नाहीत. अर्थतज्ज्ञांनी या दोन्हींची तुलना केली. ग्रंथालय झालेल्या गावांत पुढच्या वीस वर्षांत पेटंटं अधिक निघाली. ज्याला कॉलेज परवडत नव्हतं, त्याच्याही हाती तांत्रिक पुस्तकं आली होती.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं वाचनालय. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली.)

बडोदा असो वा अमेरिका, स्थानिक पैसा दरवर्षी ठरलेला होता. कर्नाटक आणि तमिळनाडूत आज मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तो नाही. इथली हजारो वाचनालयं शासनाच्या अनुदानाच्या हप्त्यांवर तग धरून आहेत. हप्ता लांबला, की ग्रंथपालाचा पगार थकतो आणि नवी पुस्तकं थांबतात. अभ्यासिकेतल्या या मुलांसाठी तरी तो उपकर आपण मागायला हवा.