हात मातीपर्यंत पोचायला हवा

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, उद्यानाच्या दाराशी तुम्ही लोखंडी खांब रोवलेले पाहिले असतील. कुठे गोल फिरणारं चक्री फाटक असतं. मोटारसायकली आत शिरू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्तच आहे. पण स्कूटरचं हँडल आणि व्हीलचेअर यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो. स्कूटर अडवायला जावं तर व्हीलचेअरही अडते. खांब पुढेमागे सरकवून हे कोडं सुटत नाही. दाराशी एक माणूस बसवला, त्याच्याकडे कडीची किल्ली दिली, की सुटतं. सगळ्यांना वापरता येईल अशी सामूहिक बाग करायची तर असा माणूस जागोजागी लागतो, आणि तो रोज लागतो. देणगीच्या अर्जात नेमका तोच राहून जातो.

‘दिव्यांगांसाठी सोय’ म्हटलं की आपल्याला एक उतार आणि एक निळी पाटी आठवते. उताराचं माप ठरलेलं आहे. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी हवी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. ते पाळायलाच हवं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. गुडघेदुखीने हैराण झालेले आपले आजी-आजोबा या यादीत बसोत न बसोत, बागेत ते पहिले येतात. पण मी ज्या बागेबद्दल बोलतेय, तिथे आत जाऊन नुसतं बाकावर बसायचं नाही. तिथे पेरायचं आहे, खुरपायचं आहे, भाजी काढून घरी न्यायची आहे.

म्हणजे वाफा उंच हवा. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर हा खाडीकाठचा पट्टा, पुष्कळ जमीन भराव घालून केलेली. जरा खणलं की मुरूम लागतो, डबर लागतं, कुठे खारवट माती. बाहेरून चांगली माती आणून उंच वाफा करणं धडधाकट माणसालाही फायद्याचंच आहे.

आता उंची किती? इथे भलेभले फसतात. टेबलाखाली जातात तसे खुर्चीतल्या माणसाचे गुडघे वाफ्याखाली जायचे, तर जवळजवळ ७० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. त्यावर तळाची फळी, आणि फळीवर १५-२० सेंटिमीटर माती. झाले की ९०! बसलेल्या माणसाच्या ते छातीशी येतं आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. यावर उपाय दोन. एक तर वाफ्याचा तळ तिरका करायचा, म्हणजे माणसाच्या बाजूला माती उथळ आणि पलीकडे खोल. तिथे मेथी, कोथिंबीर, माठ झकास येतात. मुळा-वांग्यांसाठी वेगळा, जमिनीपासून भरीव बांधलेला ६० सेंटिमीटरचा वाफा करायचा आणि खुर्ची त्याला आडवी लावून बाजूने काम करायचं. रुंदीचंही तसंच. एका बाजूने हात जेमतेम ६० सेंटिमीटर पोचतो, बसून त्याहून कमी. भिंतीला चिकटून मीटरभर रुंद वाफा बांधलात तर मागची माती तणाला आंदण दिलीत असं समजा.

ही मापं कागदावर पक्की करू नका. चार विटा आणि एक फळी मांडा, आणि वापरणाऱ्यांना बोलवा. वाशीला दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची विशेष मुलांसाठीची जिद्द शाळा आहे. तिथल्या शिक्षकांना आणि पालकांना जे ठाऊक असतं ते वास्तुविशारदाला ठाऊक असेलच असं नाही. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. अर्धांगवायूनंतर सगळी कामं डाव्या हाताने करतात. त्यांच्यापुढे छानशी नवी झारी ठेवली, तर म्हणाल्या, “अगं, भरलेली झारी उचलता आली असती तर घरीच नसती का बाग केली? मला अर्ध्या लिटरची बाटली दे, झाकणाला भोकं पाडून.” संपलं. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड सैल असलेल्या हातातही ते टिकतं. नळ पिळायचा नको, कोपराने ढकलता येईल असा दांडीचा हवा. यातल्या एकाही गोष्टीला मोठा देणगीदार लागत नाही.

दिसत नसलेल्यांसाठी वासाची झाडं लावतात. माझी पसंती गवती चहा, पुदिना, पानओवा, तुळस आणि कढीपत्ता यांना. पान चुरडलं की वास येतो, म्हणजे वास हवा की नको हे माणूस ठरवतो. रातराणी सगळीकडे घमघमते, आणि काही स्वमग्न मुलांना ते सहन होत नाही. कण्हेर तर लावूच नका, ती विषारी असते.

आणि वाट! दीड मीटर रुंद हवी, म्हणजे खुर्ची जागच्या जागी वळते. पण खरा शत्रू शेवाळ आहे. आपल्याकडे पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि गुळगुळीत फरशी जुलैत साबणासारखी होते. खरबरीत काँक्रीट करा, पाण्याला एका बाजूला उतार द्या, आणि दर आठवड्याला ब्रशने घासा. हे घासणार कोण?

इथे पैशाचा प्रश्न येतो. ज्या वस्तूवर नाव कोरता येतं तिला देणगी मिळते. बाक मिळतो, कमान मिळते. माळीदादांच्या पगारावर नाव कुठे कोरणार? म्हणून मागतानाच वेगळं मागावं. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक कामावर सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि त्या नियमांत काम पहिलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालू ठेवायची सोय आहे. तेव्हा बांधकाम आणि देखभाल एकाच प्रस्तावात घाला. कंपनीचा पैसा रीतसर नोंदणी झालेल्या संस्थेकडेच येतो. तुमचा गट लहान असेल तर अशा संस्थेचा हात धरा. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळवाल्यांना हे पाठ असतं. त्यांना विचारा. शिवाय २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही, तेव्हा चेकच घ्या. सोसायटीतल्या माणसांकडे मात्र मोठी रक्कम मागू नका. ‘मे महिन्याचं पाणी तुमच्याकडे’ असं म्हणा. लोक आनंदाने घेतात.

स्वयंसेवकांचंही असंच. ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोपुरती चिक्कार माणसं असतात, ऑगस्टच्या तणाला कुणी नसतं. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. एका दिवशी शंभर मुलं बोलावण्यापेक्षा दर मंगळवारी चारच बोलवा, वर्षभर. आणि वारांच्या त्या यादीत काकूंचंही नाव घाला. खुर्चीतला माणूस, न दिसणारा माणूस यांना पाहुणे करून ठेवलंत तर ते दोनदा येतील, तिसऱ्यांदा येणार नाहीत. रोपवाटिकेचं काम बसूनच करायचं असतं, आणि बोटांनी रोप वेगळं काढायला दिसावं लागतंच असं नाही.

शेवटचं, वेळेबद्दल. जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी संमती आधी हातात घ्या, काँक्रीटचं काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. पण उद्घाटन जूनमध्ये ठेवू नका. पहिल्या दोन मुसळधार सरींत कोवळी पालेभाजी झोडपली जाते, कुजते, आणि नवी माणसं हिरमुसतात. पावसाळ्यात माती नुसती बसू द्या, वाफ्यातून पाण्याचा निचरा होतोय का ते बघा, वाट कुठे निसरडी होते ते बघा आणि तिथे आत्ताच दुरुस्ती करा. दसऱ्यानंतर मेथी टाका. महिन्याभरात काढायला येते. नमस्कार.