दुपट्यातला दगड

नमस्कार मंडळी! ग्रीक देव म्हटलं की आपल्याला हातात वीज घेतलेला झ्यूस आठवतो, पण आज मी बोलणारे त्याच्या घरातल्या जुन्या मंडळींबद्दल, म्हणजे टायटन लोकांबद्दल.

हेसिअड नावाच्या कवीने इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास ही वंशावळ सांगितलीय. गाया म्हणजे धरती, तिच्यापासून झाला युरेनस म्हणजे आकाश, आणि पुढे तोच तिचा नवरा (देवांच्या घरात चालतं हो!). त्यांना १२ टायटन झाले, सहा मुलगे सहा मुली, शिवाय एका डोळ्याचे तीन आणि शंभर हातांचे तीन. युरेनसला पोरं डोळ्यासमोर नकोत, तो त्यांना परत गायाच्याच पोटात कोंबायचा. शेवटी ती वैतागली, एक मोठा विळा घडवला आणि पोरांना विचारलं, कोण पुढे होतंय? सगळे गप्प, उठला फक्त धाकटा क्रोनस. त्याने बापाचं काय कापलं ते रेडिओवर नको, पण ते समुद्रात पडलं आणि त्या फेसातून चक्क प्रेमाची देवी अफ्रोदिती बाहेर आली.

आता क्रोनस राजा, पण भाकीत असं की तुझंच पोर तुला खाली खेचणार. कंस आठवला ना? फरक इतकाच की तो मामा होता आणि हा सख्खा बाप, जन्मलेलं पोर सरळ गिळायचा. पाच पोरं गेल्यावर सहाव्या वेळी त्याच्या बायकोने, रियाने, दुपट्यात दगड गुंडाळून हातात ठेवला आणि या बाबाने उघडून बघायचीही तसदी घेतली नाही, गटकन गिळला. खरं बाळ, झ्यूस, तिकडे क्रीट बेटावर वाढत होतं.

पुढे झ्यूसच्या पिढीची टायटनांशी दहा वर्षं लढाई, टायटन हरले, पाताळात बंद. पण सगळे नाही हां, आणि मला गंमत इथेच वाटते. पृथ्वीभोवती वाहणारी नदी तो ओशिअनस, तो आपल्या जागी वाहतच राहिला. थेमिस म्हणजे न्याय, रीतभात, तिच्याशी झ्यूसने लग्नच केलं. आणि नेमोसिनी म्हणजे स्मृती, तिला झ्यूसपासून नऊ मुली झाल्या, त्याच म्यूझ, म्हणजे कवींना स्फूर्ती देणाऱ्या देवी. म्हणजे खुर्ची नव्या पिढीची, पण कायदा आणि आठवण जुन्यांच्याच घरातून आणायला लागली.

तो दगड विसरू नका बरं का. क्रोनसला पोरं ओकावी लागली तेव्हा शेवटी गिळलेला दगड आधी बाहेर पडला, झ्यूसने तो डेल्फी या ग्रीक तीर्थक्षेत्री बसवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनिअस नावाचा प्रवासी तिथे गेला तर लोक एक दगड दाखवून हीच गोष्ट सांगत होते, फार मोठा नाही म्हणतो, पण रोज त्यावर तेल ओतायचे. आणि ग्रीक लोक आकाशातल्या कुठल्या ग्रहाला क्रोनसचा तारा म्हणायचे माहितीये? शनीला! योगायोगच असणार, पण शनिवारी तेलाची बाटली घेऊन निघाल तेव्हा आठवेल बघा.