पांढरी वायर

(ट्रेलरची मागची बाजू, अंधार)

ब्रेक दाबलाय. डावा दिवा लालभडक, उजव्यात नुसती धुगधुगी. आता इंडिकेटर लावला, तर त्याच्याबरोबर कडेचे दिवेही मिचमिचायला लागले. अशा वेळी पहिला हात जातो बल्बकडे. बल्ब बिचारा चांगला आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो भलत्याच दिव्यांतून घुसतोय.

(प्लग, जवळून)

ट्रक आणि ट्रेलर यांच्यात हा सात पिनांचा प्लग. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांवर वायरींचे रंग ठरलेले असतात. लाल ब्रेकची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, तपकिरी टेल-लाइटची, काळी कडेच्या दिव्यांची, निळी एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची. या सहा जणींनी नेलेला करंट परत आणते एकटी पांढरी, म्हणजे अर्थची वायर. म्हणून ती सगळ्यांत जाड. आणि तपासताना सगळ्यांत शेवटी आठवते तीच.

पिनवरचा हिरवा थर बघा. पाणी, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. पिनला मधोमध चीर असते. तिच्या दोन्ही बाजू दबल्या की पिन सॉकेटमध्ये सैल बसते. पातळ पात्यानं चीर किंचित फाकवायची. आधी ब्रशनं घासायचं, शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीस, पाणी आत न येऊ देणारं.

(दुसरा ट्रेलर जोडताना)

दोष ट्रकमध्ये की ट्रेलरमध्ये? दुसरा ट्रेलर जोडला, सगळे दिवे लख्ख. म्हणजे ट्रक निर्दोष, दोष पहिल्या ट्रेलरमध्ये.

(टेबलावर वायर, मीटर, बल्ब)

ही वायर मुद्दाम कातरलीय, आत तांब्याची एकच तार शिल्लक. मीटर लावला, तरी पूर्ण १२ व्होल्ट! मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्याला एक तारही पुरते. बल्ब जोडला की खरं कळतं. म्हणून मोजायचं ते दिवे चालू ठेवून: मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थ खराब. एलईडीला करंट इतका कमी लागतो की अर्ध्यामुर्ध्या अर्थवरही ती पेटते, आणि दोष लपून राहतो.

गंमत म्हणजे पांढरी पार तुटली तरी दिवे लागू शकतात. करंट किंग-पिनच्या, म्हणजे ट्रेलर ट्रकला अडकवणाऱ्या खुंटीच्या लोखंडातून, मधल्या ग्रीसमधून कसाबसा परततो. सरळ रस्त्यावर ठीक, वळण आलं की दिवे फडफडतात.

(टोचलेली वायर, कापून उघडलेली)

टेस्ट लॅम्पची, म्हणजे करंट येतोय का दाखवणाऱ्या दिव्याची सुई वायरीत टोचायची सवय मात्र मोडायलाच हवी. त्या भोकातून शिरलेलं पाणी वातीसारखं तारांतून चढत जातं. बघा, भोकापासून वीतभर अंतरावर तांबं काळं पडलंय. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं, आणि नव्या सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवायची.

फ्यूज उडत असेल तर बहुधा वायर कुठेतरी चॅसिसला घासून सोललीय. ती शोधा, मोठा फ्यूज घालू नका. आणि मागचे ब्रेक-लाइट बंद असले तर तपासणीत गाडी जागेवर थांबवतात, मागच्यानं आदळायच्या आधी थांबवली तर नशीब.

(प्लग होल्डरमध्ये बसवताना)

ट्रेलर सुटला की केबल लोंबकळत ठेवायची नाही. ट्रकच्या पाठीला तिच्यासाठी होल्डर असतो.