राखेची पाटी आणि एकेक प्रकाशकण

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मृगात आमच्या शाळेत नववीच्या मुलींकडून मी एक प्रयोग करून घेतला. शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, वर टिनाचं छप्पर. दुपारी आभाळ भरून आलं तशी पोरींनी खिचडीच्या चुलीतली राख चाळून आणली, दगडी पाटीवर तिचा पातळ थर दिला आणि पाटी अंगणात नेऊन ठेवली. टप्! राखेत पहिला ठिपका उमटला. एक जण ठिपके मोजायला, एक घड्याळ पाहायला आणि तिसरी वहीत लिहायला: कितवा थेंब, कुठं पडला, किती सेकंदांनी पडला.

हा प्रयोग करून घेतला तो एका दुर्बिणीचं काम समजावून सांगण्यासाठी. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून आपलं ॲस्ट्रोसॅट यान आकाशात गेलं. त्यावर यूव्हीआयटी नावाची अतिनील किरणांची जुळी दुर्बीण आहे. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, मुंबईची मूलभूत संशोधन संस्था टीआयएफआर आणि इस्रो यांनी ती कॅनडाच्या अवकाश संस्थेच्या सोबतीनं घडवली. दूरच्या ताऱ्यांचे हे अतिनील किरण आपलं वातावरणच अडवून टाकतं, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. आणि दूरच्या दीर्घिकेकडून, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाकडून, प्रकाश येतो तो मृगाच्या पहिल्या थेंबांसारखा, एकेक कण. साध्या कॅमेऱ्याचं काम जिनिंगवरच्या मोठ्या काट्यासारखं. गाडीभर कापूस तो बरोबर तोलतो, पण एका बोंडानं त्याचा काटा हलत नाही.

मग एक कण मोजायचा कसा? तो आधी एका विशिष्ट लेप दिलेल्या पडद्यावर आदळतो आणि तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. पुढं काचेची चकती असते, केसाहूनही बारीक अशी लाखो छिद्रं असलेली. तिच्यावर मोठा विद्युतदाब दिलेला असतो. इलेक्ट्रॉन छिद्रात शिरला की भिंतीवर आपटतो, आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, ते पुन्हा आपटतात, आणि एकाचे लाखो होऊन बाहेर पडतात. समोरच्या पडद्यावर त्यांचा प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि त्याखालची 512 बाय 512 चौकटींची चिप तो टिपते.

ठिपका अनेक चौकटींवर पसरतो. आमच्या पाटीवरही थेंबाचा डाग चांगला हरभऱ्याएवढा होता. पण पोरींनी काडीच्या टोकानं त्याचा मधला बिंदू खुणावला, तसंच यान डागाचा मध्य काढतं, तोही एका चौकटीच्या अंशापर्यंत. पसरट डागातून थेंबाची नेमकी जागा मिळते, हे मला या यंत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

वेळ का लिहायची, ते एका पोरीच्या हातून पाटी सरकली तेव्हा कळलं. सगळे ठिपके चुकले म्हणून ती रडकुंडीला आली. पण पाटी कितव्या सेकंदाला आणि किती सरकली हे वहीत होतं, म्हणून पुढचे ठिपके तेवढे मागं सरकवून आम्ही चित्र नीट केलं. यानही सावकाश डुलत असतं. साध्या कॅमेऱ्यात त्यानं फोटो फिसकटला असता. इथं प्रत्येक कणाची वेळ नोंदलेली असते. दृश्य प्रकाशातल्या ताऱ्यांवरून यान कधी, किती हललं ते काढतात आणि खाली जमिनीवर प्रत्येक कण आपल्या जागी नेऊन बसवतात.

थोड्या वेळानं सर जोराची आली आणि मोजणी बंद पडली. दोन थेंब एकाच जागी पडले तर डाग एकच दिसतो. यूव्हीआयटीही पूर्ण क्षेत्राची सेकंदाला सुमारे 29 चित्रं घेते आणि एकाच चित्रात एकाच जागी दोन कण आले तर तिलाही एकच दिसतो. फार तेजस्वी ताऱ्याकडे तर ती वळवतच नाहीत, प्रकाशकण टिपणारा डिटेक्टर खराब व्हायची भीती असते.

या मोजणीचं फळ 2020 मध्ये जगानं पाहिलं. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश शोधला. त्यासाठी ऑक्टोबर 2016 मध्ये यूव्हीआयटीनं तिच्याकडं 28 तास पाहिलं होतं. हबल या अवकाश दुर्बिणीचा आरसा 2.4 मीटरचा, आपल्या दुर्बिणीचा जेमतेम 38 सेंटिमीटर. तरी हबलला न दिसलेला हा प्रकाश आपल्याला दिसला, कारण आपल्या डिटेक्टरमधली खोट्या नोंदींची गडबड फारच कमी आहे. शांत अंगणात एक थेंब ऐकू येतो, तो बाजाराच्या गर्दीत येत नाही.

पोरींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, राख ओली झाली की पाटी बाद. तिथं काय बाद होतं?" प्रश्न अगदी मुळाशी जाणारा. यूव्हीआयटीची किरण टिपणारी एक वाहिनी, दृश्य प्रकाशाच्या जवळच्या अतिनील किरणांची, 2018 मध्ये बंद पडली. दृश्य प्रकाशापासून दूरच्या अतिनील किरणांची वाहिनी पुढं काम करत राहिली. यान पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, त्याची दहा वर्षं पूर्ण झाली आहेत.

पुढच्या मृगात तुमच्या अंगणातही पाटी ठेवून बघा. राख बारीक चाळलेली हवी, आणि वहीत वेळ लिहायला एक माणूस वेगळा बसवा.

नमस्कार.